गृहीत धरलेला वेग

कवलापूरच्या धावपट्टीवर मी लोकांना क्लच शिकवतो.
पट्टी तेवढ्यापुरती बरी आहे,
तिसरा गिअर पडेपर्यंत संपते.
डांबराच्या भेगांत गवत, गवतात मेंढरं,
आणि मेंढक्याला हॉर्न ऐकू येत नाही,
किंवा येतो, पण तो उठत नाही.
विमान मी इथं बघितलेलं नाही.
वडील सांगायचे, एकदा एक उतरलं होतं,
शाळा सोडून पळत आलो, तोवर उडालं.

मुमताज मुलाणी बेदाण्याच्या गोदामात हिशेब लिहिते.
सातला तिची पाळी, म्हणून अंधारातच शिकायला येते.
परवा पट्टीच्या पूर्वेकडच्या टोकाला गाडी बंद पाडून
तिनं मोबाइल काढला.
"सर, तुमचा भाऊ कुठं असतो म्हणालात?"
राजमंद्री. गलाईचं दुकान.
तिनं हितलं नाव टाकलं, तिथलं टाकलं,
आणि यंत्रानं जरासुद्धा न अडखळता सांगितलं :
सातशे पासष्ट किलोमीटर,
उड्डाणाचा वेळ एक तास सत्तावीस मिनिटं.

खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं :
वेग ताशी आठशे गृहीत धरला आहे,
चढा-उतरायला अर्धा तास धरला आहे.
विमान आहे, हे कुणी धरलं
ते लिहिलेलं नव्हतं.

आम्ही जायचो ते मिरजेला बसून.
आईच्या दशम्या पहिल्या रात्री संपायच्या,
शेंगदाण्याची चटणी दुसऱ्या दुपारी,
दोनदा गाडी बदलायची,
मग फलाटावर पानात बांधलेली इडली मिळायला लागली
की समजायचं, जवळ आलं.

सर्जेराव गेला त्याला एकोणीस वर्षं झाली.
पिशवीत दोन शर्ट आणि मामानं दिलेली एक मूस.
लोकांचं मोडलेलं सोनं वितळवून शुद्ध करतो.
तेजाबानं बोटांच्या रेषा गेल्यात,
रेशनच्या यंत्रावर अंगठा ठेवला
तर यंत्र म्हणतं, हा माणूस कोण?

आमच्यात भांडण नाही.
विहिरीच्या पाळीवरनं झालं होतं, ते मिटलं.
मिटल्यावर बोलायला काही उरलं नाही, एवढंच.
तरी पहाटे त्याचा फोन येतो.
"उजाडलं हितं."
"हितं न्हाई अजून," मी म्हणतो,
आणि ठेवतो.
आधी हे तो आईला सांगायचा.
ती चुलीपुढनं ओरडायची,
"अरं, मग धाडून दे की हिकडं!"
तिच्या तेराव्यानंतर फोन माझ्याकडं यायला लागला.
धाडून दे, हे मला अजून म्हणता आलेलं नाही.

त्या दिवशीही आला. सहा वाजून तीन मिनिटं.
मुमताजनं ऐकलं, डॅशबोर्डवर बोट आपटत बसली,
मग हिशेब लिहिणाऱ्या बाईनं विचारावं तसं विचारलं,
"तिकडनं हिकडं यायला उन्हाला किती वेळ लागतो?"
मी म्हणालो, गाडी चालू कर.
ती म्हणाली, "पेट्रोल जळंल सर, बसू की."

बसलो.
काचेवर दव होतं, ते तिनं ओढणीनं पुसलं.
द्राक्षांच्या मांडवांवरनं आधी करडं, मग तांबूस,
मग एक कड, जणू मुशीच्या तोंडाशी आलेलं सोनं.
डांबर उजळत उजळत बोनेटपर्यंत आलं.
सहा बत्तीस.
"एकोणतीस मिनिटं," ती म्हणाली,
"विमानाच्या आधी."
आणि बिनतिकीट, मी मनात म्हणालो,
मधे कुठं न बदलता.

फोन हातातच होता.
सर्जेरावाला लावला. उलटा फोन मी कधी करत नाही,
म्हणून तो घाबरून म्हणाला, "काय झालं रं?"
"काय न्हाई. पोचलं."
तिकडं भट्टीचा पंखा घुमत होता.
बराच वेळ घुमत होता.
"बरं," तो म्हणाला.

मुमताजनं गाडी वळवली, आरसा न बघता.
समोर मेंढक्या उठून उभा राहिलेला,
दोन्ही हात पसरून मेंढरं पट्टीवरनं हाकत होता,
वर बघत,
जणू त्याला कुणी सांगितलंय, काहीतरी उतरतंय.
"क्लच," मी म्हणालो. "हळू सोड."
गाडीनं एक उडी मारली
आणि परत बंद पडली.